टाकीवरचा बिल्ला झाकून: चार गाड्या, एक बाक (नोंद तिसरी)

गाड्या त्याच चार: ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट ३५०, आरएक्स १००, येझ्दी रोडकिंग आणि स्प्लेंडर. नियमही तेच. गाडी दुरुस्तीच्या बाकावर चढली की टाकीवरच्या नावावर कागदी टेप लावायची, आणि ज्याची गाडी त्याने निदान करायचं नाही. आपल्या गाडीचा खडखडाट माणसाला ताल वाटतो आणि दुसऱ्याचा ताल खडखडाट, हे नागपूरच्या फुटाळा तलावावर एक संध्याकाळ उभं राहिलं तरी कळतं. तिथे बुलेटवाले एका कडेला, केटीएमवाले दुसऱ्या, आणि मधून कोणी स्प्लेंडर घेऊन आला की ठरलेला प्रश्न: ‘काऊन बे, हे घेऊन राइडले आला का?’

या खेपेला बुलेट आणि आरएक्सचं काम बरंच पुढे सरकलं. स्प्लेंडरचं एका दुपारीच झालं. येझ्दी अडकली आहे.

बुलेट: आधी ठोके मोजा

लोखंडी बुलेटवाल्यांचा सगळा अभिमान ‘डुगडुग’मध्ये असतो. आयडल (ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन ज्या वेगाने फिरत राहतं तो) जितकं खाली, तितकी गाडी खानदानी. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. म्हणजे १००० आरपीएमला (मिनिटाला हजार फेऱ्यांना) मिनिटाला ५०० ठोके, सेकंदाला आठाच्या वर, आणि ते कानाने सुटे मोजता येत नाहीत. सेकंदाला चार ठोके आरामात मोजता येत असतील तर इंजिन ५०० आरपीएमच्याही खाली चाललंय. ऑइलचा पंप इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे फेऱ्या निम्म्या झाल्या की पंपाचा पुरवठाही निम्म्यावर येतो. हँडलजवळचा अँपिअर मीटर दिवा लावल्यावर उणेकडे झुकतो, तेही याच कारणाने. मालक बॅटरी बदलत राहतो आणि आयडलचा स्क्रू तसाच राहतो.

इतकं खाली आयडल टिकावं म्हणून बरेच मिस्त्री ठिणगीही उशिरा ठेवतात. मग ठोका सुटा पडतो, गाडी किकला परत लाथ मारत नाही, मालक खूश. पण उशिरा पेटलेला जाळ सायलेन्सरच्या तोंडाशी संपतो. बेंड पाइप निळा पडतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजतो. नागपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीसच्या उन्हात वर्धा रोडच्या सिग्नलवर अशी गाडी उभी ठेवली तर पुढचं सांगायला नको.

आमच्या बाकावरच्या गाडीत असंच होतं. क्रम असा ठेवला:

पहिल्यांदा पॉइंटचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या उघड-मिट संपर्काचा, गॅप. पूर्ण उघडल्यावर ०.३५ ते ०.४० मिमी, फिलर गेजने. गॅप आधीच, कारण तो वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, आपोआप पुढे सरकतं. आधी टायमिंग जुळवून मग गॅप बदलला तर केलेलं काम वाया.

मग टायमिंग. ऑटो अ‍ॅडव्हान्सची (वेगाबरोबर ठिणगी लवकर पाडणारी) वजनं पूर्ण मागे असताना, पिस्टन वरच्या टोकापासून ०.८ मिमी खाली असताना पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. इथे सगळे फसतात. बुलेटचं प्लगचं भोक तिरपं आहे, त्यातून टाकलेली सरळ तार पिस्टनची खरी उंची सांगत नाही. क्रँकवर अंशांची चकती लावून वरचं टोक दोन्ही बाजूंनी मोजून काढावं, तेच बरं. पॉइंट उघडण्याचा क्षण पकडायला बॅटरीच्या व्होल्टचा छोटा बल्ब पॉइंटच्या दोन टोकांना जोडायचा आणि इग्निशन चालू करायचं. पॉइंट उघडले की बल्ब पेटतो. सिगारेटच्या कागदाची पद्धतही चालते, पण कागद बोटाच्या सवयीवर अवलंबून असतो.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांची फट, शेवटी, इंजिन गार असताना, कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकावर. पुशरॉड दोन बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. ‘टॅपेटचा आवाज हीच बुलेटची ओळख’ म्हणणाऱ्यांना हे पटत नाही.

आता ऑइल. या इंजिनात टाकी क्रँककेसच्या ओतकामातच आहे आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल झिरपत क्रँकच्या खोलीत उतरतं. डिपस्टिक कोरडी दिसते. मालक अर्धा लिटर ओततो, गाडी सुरू होते, पंप खालचं ऑइल परत वर आणतो आणि जास्तीचं ब्रीदरमधून बाहेर फेकलं जातं. यातूनच ‘बुलेट आहे, गळणारच’ हे तत्त्वज्ञान तयार झालं. आधी दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा, बंद करा, मग मोजा. आमच्या गाडीची गळती एवढ्याने थांबली. गॅस्केटची नवी जोडी अजून पाकिटातच आहे.

याच गाडीत इंजिन, प्राथमिक चेनचा डबा आणि गिअरबॉक्स तिन्ही वेगळे. क्लच इंजिनच्या ऑइलमध्ये नाहीच. त्यामुळे ‘इंजिनात जासो एमए२ नसेल तर क्लच घसरेल’ ही भीती इथे लागू नाही (जासो एमए२ हा ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीचा ऑइलचा दर्जा). स्प्लेंडरमध्ये, आणि नव्या ३४९ सीसीच्या जे सिरीज इंजिनात, क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. तिथे मोटारीचं घर्षण कमी करणारं ऑइल टाकलं तर क्लच खरोखर घसरतो. ऑइल ठरवताना क्लच कुठे आहे ते पाहावं.

खरा फरक मात्र नटबोल्टात निघाला. जुन्या बुलेटमध्ये इंग्लंडच्या वारशाचे इंची आटे अजून जागोजागी आहेत. मेट्रिक पाना त्यावर ‘जवळजवळ’ बसतो आणि कडा गोल करतो. आरएक्स आणि स्प्लेंडरचे फुलीचे स्क्रू जपानी मापाचे, त्यांना साधा फिलिप्स लावला की डोकं सोलतं. बाकाखाली आता तीन वेगळे डबे आहेत. टेप लावली तरी एवढा भेद पाळावाच लागतो.

आरएक्स: धूर आणि ‘जपानी’ माल

एस्कॉर्ट्सने ही गाडी १९८५ ते १९९६ बनवली. ९८ सीसी, ५० गुणिले ५० मिमी, ११ बीएचपी, वजन शंभर किलोच्या आसपास. एवढ्यात तिचा दरारा समजतो. नंतरचा दरारा मात्र धुरावर आणि कापलेल्या सायलेन्सरवर उभा आहे.

तक्रार होती: ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन वरच राहतं, मग हळूहळू खाली येतं. मालकाचं निदान: ‘पिकअप जास्त आहे.’ आमचं: हवा कुठून तरी आत येते आहे. डाव्या, मॅग्नेटोच्या (वीज बनवणाऱ्या चाकाच्या) बाजूचं क्रँक सील गेलं की इंजिन तिथून कोरडी हवा ओढतं, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि एक दिवस पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो. उजवं, क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरचं ऑइल जळतं: दाट धूर, आणि गिअर ऑइल महिन्याला कमी. या दुसऱ्या धुराला ‘ओरिजनल बोअरचा धूर’ म्हणणारे भेटतात.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. रक्तदाब मोजायचा फुगा आणि त्याचं दाबाचं घड्याळ पुरतं. त्यावरचे पाऱ्याचे ३०० मिमी म्हणजे साधारण ५.८ पीएसआय (दाबाचं एकक), आणि दोन-स्ट्रोकच्या चाचणीला ६ पीएसआयच हवा असतो. एक्झॉस्टचं तोंड रबराच्या बुचाने बंद, ऑटोल्यूबची (इंजिनात पंपाने ऑइल सोडणाऱ्या व्यवस्थेची) नळी चिमट्याने बंद, प्लग घट्ट, पिस्टन खाली. इंटेकच्या बाजूने हवा भरायची, रीड (इंटेकच्या पातळ झडपा) आतल्या बाजूला उघडतात म्हणून वाट मिळते. सहा मिनिटं काटा टिकला पाहिजे. आमचा अर्ध्या मिनिटात पडला. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे डाव्या सीलपाशी आले. पण पहिल्या खेपेला एक्झॉस्टचं बूचच गळत होतं आणि दोन तास सीलला दोष देण्यात गेले, म्हणून आधी बुचांनाच साबण लावा.

ऑटोल्यूब पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायची पद्धत ‘जाणकार’ म्हणवणाऱ्यांत फार. १:५० म्हणजे लिटरला २० मिली, १:२५ म्हणजे ४० मिली. पंप ॲक्सिलरेटरप्रमाणे ऑइल कमी-जास्त करतो, मिसळलेलं पेट्रोल ते करत नाही. शिवाय ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या भोकातून) पेट्रोल तेवढं कमी जातं, म्हणजे सुरक्षित राहायच्या नादात मिश्रण पातळ. आम्ही पंप ठेवला. नळीतली हवा ब्लीड स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत काढली, केबलच्या खुणा जुळवल्या, आणि पहिलं लिटरभर पेट्रोल तरीही ऑइल मिसळून चालवणार. पंपावर विश्वास बसेपर्यंत एवढं सोवळं चालतं.

उन्हाळ्याबद्दल एक गैरसमज. ‘मे महिन्यात मिश्रण पातळ होतं, मोठा जेट टाका.’ उलट आहे. बारा अंशांच्या थंडीपेक्षा पंचेचाळीस अंशांत हवा सुमारे दहा टक्के विरळ होते, पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून मिश्रण दाट होतं. उन्हाळ्यात गाडी धरते ती गरम इंजिन, गळकं सील आणि आतली जाळी काढलेला सायलेन्सर यांमुळे. जाळी काढून मेन जेट तोच ठेवणं हे तर निमंत्रणच. आवाजासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आहेच, पण पिस्टनचा कायदा त्याआधी लागू होतो.

बोअरसाठी सिलिंडर सहा ठिकाणी मोजला: तीन उंचींवर, दोन दिशांनी, पोर्टच्या कडा टाळून. ओव्हरसाइज ०.२५ च्या टप्प्याने १.०० मिमीपर्यंत जातो. अगदी ५१ मिमीला नेला तरी क्षमता सुमारे १०२ सीसीच होते, त्यामुळे ‘बोअर वाढवून ताकद’ विसरा. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा हलक्या घासून गोल केल्या नाहीत तर नवी रिंग पहिल्याच फेरीत अडकते. बोअर करणाऱ्याला हे तोंडाने सांगा, तो स्वतःहून करेलच असं नाही.

‘जपानी सील’, ‘जपानी बेअरिंग’ म्हणून तिप्पट भाव लावला जातो. बेअरिंग त्याच्या आकड्याने मागा. ६२०३ म्हणजे १७ × ४० × १२ मिमी, कोणाच्याही पाकिटात. क्रँकला मात्र शेवटी सी३ (आतली फट जास्त) लिहिलेलं हवं, कारण गरम झाल्यावर आतली फट कमी होते. सी३ नसलेलं खरं जपानी बेअरिंग इथे निकामी, सी३ असलेलं चांगलं देशी बेअरिंग योग्य. ठसा बघून घेतलेल्या मालात नक्कल सर्वाधिक, कारण नक्कल करणाऱ्यालाही कळतं की गिऱ्हाईक ठसाच बघतं.

स्प्लेंडर: कोणी हात न लावलेली

मिस्त्रीकडे ही गाडी नेहमी पोऱ्याच्या वाट्याला. ‘फिल इट, शट इट, फरगेट इट’ ही हिरो होंडाची जाहिरात लोकांनी जरा जास्तच मनावर घेतली. इथे बदलायचा कागदी फिल्टर नाही. उजवं कव्हर उघडल्यावर क्रँकच्या टोकाला फिरता रोटर आहे, तो गाळ बाहेरच्या भिंतीवर फेकून धरतो, आणि तळाला जाळी. नुसतं ऑइल बदलून हा गाळ निघत नाही. रोटरमध्ये काळा थर बोटाच्या नखाएवढा जाड बसलेला होता. रॉकेल आणि धागे न सुटणारं फडकं, बस. हवेचा फवारा मारू नका, गाळ ऑइलच्या वाटेत जातो. गॅस्केट नवं. तीन तास.

चेन ४२८, आरएक्सचीही ४२८. पिच १२.७ मिमी, म्हणून वीस पिचचं अंतर नव्या चेनमध्ये २५४ मिमी. २५९ च्या पुढे गेलं की दोन टक्के झीज, चेनसेट बदला. कड्यांची संख्या दोघींची वेगळी, ती मोजून घ्या. जॉइंटच्या क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला.

येझ्दी, आणि नवे बिल्ले

येझ्दीचा किकर आणि गिअरचा दांडा एकच, आणि त्या दांड्याच्या आतला कुत्रा (दातांनी दुसरा भाग पकडणारा तुकडा, इंग्रजीत डॉग) झिजलाय. १९९६ ला म्हैसूरचा कारखाना बंद झाला, तेव्हापासून असे भाग हुडकावे लागतात. २०१८ ला परत आलेल्या जावाचं २९३ सीसीचं, पाण्याने थंड होणारं चार-स्ट्रोक इंजिन यात काहीच मदत करत नाही. त्यावरून जुने जावावाले नव्यांना जावावाले मानत नाहीत, तो वाद इथे नको.

बाकाशेजारी उभं राहून ‘इम्पोर्टेड’चा तोरा दाखवणाऱ्यांसाठी एवढंच: ट्रायम्फ स्पीड ४०० चाकणला बजाज बनवते, हार्ली एक्स४४० नीमराण्यात हिरो, बीएमडब्ल्यूच्या ३१० होसूरला टीव्हीएस. गाड्या चांगल्या आहेत. पण पल्सर आणि स्प्लेंडरला नाकं मुरडताना हे आठवावं.

पुढचं काम: आरएक्सची दोन्ही सीलं बसवून सहा मिनिटांची चाचणी पुन्हा. मग पहाटे साडेपाचला, ऊन चढायच्या आत, कामठी–कन्हान–मनसर–रामटेक. कन्हानच्या पुढे सरळ रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटरला इंजिन बंद करून प्लगचा रंग पाहायचा. बुलेट सोबत येणार, आयडल वाढवलेलं. येझ्दीचा कुत्रा कोणाकडे असेल तर झिजलेला नको, दातांच्या कडा चौकोनी असलेलाच हवा.