विमानाच्या पॅनेलवरचे इशारादिवे: माझा अनुभव

स्वतः बांधत असलेल्या विमानाचं इलेक्ट्रिकल पॅनेल आखायला घेतलं, तेव्हा कागदावर दिव्यांची रांगच लागली. इंधनाचा बूस्ट पंप चालू, पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) चालू, अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारा वीजनिर्माता) ठीक, अल्टरनेटर बंद... हौसेला मोल नसतं, पण पॅनेलवरच्या जागेला असतं. मग एकच चाळणी लावली: हा दिवा लागला तर मी नेमकं काय करणार? उत्तर सुचलं नाही तर दिवा बाद. ‘सगळं ठीक आहे’ सांगणारे हिरवे दिवे पहिल्याच फेरीत गेले. सगळं सुरळीत असताना पॅनेल काळंच दिसायला हवं, म्हणजे काही लागलं की नजर आपसूक तिकडे जाते.

शेवटी पाच उरले. लो व्होल्टेज, ऑइल प्रेशर, कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) उघडी आणि स्टार्टर हे लाल. इंधन कमी हा अंबर, म्हणजे गडद पिवळा. रंगांचा संकेत एफएएच्या (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) नियमांच्या भाग २३ मधल्या जुन्या २३.१३२२ कलमातून घेतला: लाल म्हणजे ताबडतोब काहीतरी करा, अंबर म्हणजे पुढे करावं लागेल. माझ्या विमानाला ते कलम बंधनकारक नाही, पण उद्या दुसरं कोणी हे विमान उडवायला बसलं तर त्याला रंग शिकवत बसायला नको. स्टार्टरचा दिवा लाल कशाला, असं अनेकजण विचारतात. कॉन्टॅक्टर (स्टार्टरला करंट देणारा मोठा विद्युत स्विच) चिकटला तर बटण सोडल्यावरही स्टार्टर इंजिनाबरोबर फिरत राहतो, आणि तेव्हा इंजिन आणि मास्टर (बॅटरीचा मुख्य स्विच) बंद करण्याशिवाय काही हातात नसतं. म्हणून या दिव्याची तार बटणावरून न घेता कॉन्टॅक्टरच्या स्टार्टरकडच्या टर्मिनलवरून घेतली, तिथेच फ्यूज घालून.

सगळ्यात जास्त वेळ मात्र लो व्होल्टेजने खाल्ला, आणि तो खायलाच हवा होता. अल्टरनेटरचा बेल्ट तुटला, त्याच्या फील्डचा (चुंबकीय गुंडाळीचा) ब्रेकर पडला, व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर गेला, काहीही झालं तरी परिणाम एकच: बसचं, म्हणजे सगळ्या उपकरणांना वीज देणाऱ्या सामायिक पट्टीचं, व्होल्टेज खाली येतं. अगदी ओव्हरव्होल्टेजसुद्धा यातच बसतं. माझं क्रोबार मॉड्यूल (व्होल्टेज फार वाढलं की मुद्दाम शॉर्ट करणारं संरक्षण) १६ व्होल्टच्या आसपास ५ अँपिअरचा फील्ड ब्रेकर पाडतं, अल्टरनेटर बंद होतो आणि थोड्या वेळात हाच दिवा लागतो. त्यामुळे ओव्हरव्होल्टेजचा वेगळा दिवा लावलाच नाही. अल्टरनेटरच्या रेग्युलेटरमधून दिव्यासाठी निघणारी तारही वापरली नाही. ज्याच्यावर नजर ठेवायची त्यालाच पहाऱ्यावर कोण बसवतं?

पातळी ठेवली १३.० व्होल्ट. अल्टरनेटर नीट चालू असताना बस १४.२ ते १४.४ व्होल्टवर असते. नुसती भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ च्या वर टिकत नाही. १३ च्या खाली आलं म्हणजे बॅटरी खर्ची पडू लागली, एवढं नक्की. सर्किट साधं आहे. टीएल४३१ कडून २.५ व्होल्टचा संदर्भ, एलएम३९३ कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप), आणि बसचं व्होल्टेज त्या प्रमाणात कमी करणारा डिव्हायडर: वर ३९ किलोओहम व ५ किलोओहमचा प्रीसेट (फिरवून लावायचा रेझिस्टर), खाली १० किलोओहम. बेंच सप्लायवर नॉब हळूहळू खाली आणत प्रीसेट लावला. पण नेमक्या १३.० वर दिवा थरथरत होता, आणि लँडिंग लाइट लावून आयडलवर टॅक्सी करताना (इंजिन मंद ठेवून जमिनीवर विमान चालवताना) व्होल्टेज नेमकं तिथेच घोटाळतं. म्हणून हिस्टेरिसिस, म्हणजे लागण्याच्या आणि विझण्याच्या पातळीतलं अंतर, वाढवला: १३.० ला लागतो, १३.४ ला विझतो. पाचांपैकी मुद्दाम उघडझाप करणारा ठेवलेला दिवा हा एकच.

एलईडी निवडताना चकाकीला भुलू नये. अरुंद कोनाचा एलईडी समोरून डोळे दिपवतो, पण सीटवर जरा बाजूला सरकलात की मेल्यासारखा दिसतो. मी रुंद कोनाचे घेतले आणि उन्हात, सीटवर बसूनच पारखले. १४.४ व्होल्टमधून एलईडीचे २ वजा केले की २० मिलिअँपिअरला ६२० ओहम येतात. त्यात जवळजवळ पाव वॅट उष्णता होते, म्हणून रेझिस्टर अर्ध्या वॅटचा. रात्री उजेड मंद करायला सगळ्यांच्या सामायिक तारेत एकच रेझिस्टर घालायचा मोह होतो, पण मग दोन दिवे एकदम लागले की दोन्ही मंदावतात, म्हणजे संकट वाढलं की इशारा कमी. त्याऐवजी एलएम३१७ या व्होल्टेज रेग्युलेटरने पुरवठाच ५ व्होल्टवर आणला. त्याखाली तो जातच नाही, त्यामुळे चुकून कोणी दिवे पूर्ण विझवू शकत नाही.

हँगरमधले दिवे घालवल्यावर एक गंमत दिसली: टाकी भरलेली असूनही इंधनाचा दिवा अगदी पुसटसा पेटलेला. त्या सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉनिक स्विच आहे आणि तो बंद असतानाही थोडा करंट झिरपू देतो. जुन्या बल्बला तेवढ्याने काही झालं नसतं, एलईडीला पुरतं. एलईडीच्या दोन पायांमध्ये १ किलोओहम जोडला, झिरपणारा करंट तिकडून जाऊ लागला आणि दिवा पूर्ण विझला.

टेस्ट बटण सगळ्या दिव्यांना एकदम ग्राउंड देतं, पण प्रत्येकाच्या वाटेत १एन४१४८ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) हवाच. तो नसेल तर सगळे सेन्सर एकमेकांना जोडले जातात आणि कॅनॉपी उघडली तरी पाचही लाल-पिवळे होतात. बटणाने दिवा तपासला जातो, सेन्सर नाही, हेही खरं. मास्टर टाकला की ऑइल प्रेशर आणि लो व्होल्टेज आपोआप लागतात, कॅनॉपी उघडी असतेच, आणि क्रँक करताना स्टार्टरचा दिवा लागतो. चार तारा टोकापासून टोकापर्यंत रोजच तपासल्या जातात. इंधनाचा तेवढा अपवाद. म्हणून टाकी कॅलिब्रेट करताना मोजून इंधन काढत गेलो, दिवा किती लिटरवर लागतो ते पॅनेलवर त्याच्याखाली लिहिलं, आणि वळणात इंधन हेलकावतं म्हणून त्याला काही सेकंदांचा विलंब दिला.