केमोच्या आधी एक दात

२८ वर्षं मी ब्लाउज शिवते. गडहिंग्लजला घराच्या पुढच्या खोलीतच मशीन आहे. छाती, मुंढा, बाहीचा घेर टेपनं मोजायचा, वहीत लिहायचा आणि चुकलं तर उसवायचं, एवढंच मला येतं. त्यामुळे कोल्हापूरच्या हॉस्पिटलात नर्सनं माझी उंची आणि वजन घेतलं आणि "यावरून तुमचा केमोचा डोस काढायचा" म्हणाली, तेव्हा या आजारातली पहिली गोष्ट मला माझ्या भाषेत कळली. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. दोन्हींचा गुणाकार, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. थोरलीनं तिथंच मोबाइलवर काढून दाखवलं, १.६३. म्हणजे माझ्या अंगाचं क्षेत्रफळ १.६३ चौरस मीटर. मनातल्या मनात हिशेब केला, ४४ इंची पन्ह्याचं दीड मीटर कापड. एका ब्लाउजला एक मीटर पुरतं. अख्खी मी दीड मीटरात.

छातीत उजव्या बाजूला असलेल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं, काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. जखम भरली की २१ दिवसांच्या अंतरानं चार केमो, त्यानंतर दुसरं औषध दर आठवड्याला एक असं बारा आठवडे, असं डॉक्टरांनी सांगितलं. पहिली तारीख मिळाली मंगळवारची. मी देवाला नमस्कार केला, कॉलर नसलेला ढगळ गाऊन पिशवीत भरला, पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. आणि त्या दिवशी केमो झालीच नाही.

डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं. खालची डावीकडची दाढ दोन वर्षांपासून किडलेली होती. गोड खाल्लं की ठणकायची, लवंग धरली की थांबायची. हिरडीला सूज होती ती मलाही माहीत नव्हती. डॉक्टरांनी टॉर्च बंद केली आणि म्हणाले, ही दाढ काढून, जखम भरल्याशिवाय केमो देता येणार नाही. मला हसूच आलं. कॅन्सर बाजूला राहिला आणि दाढ आडवी आली! कारण त्यांनी नीट समजावलं. केमोनंतर साधारण आठवड्याभरानं पांढऱ्या पेशी खाली येतात. त्या वेळी अंगात कुठंही पू किंवा सूज असली की ती पसरायला वेळ लागत नाही, कारण तिला अडवणारं कुणी जागेवर नसतं. एरवी दाढ सहन होते, तेव्हा होत नाही.

राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ऑपरेशननंतर घरी सोडताना आम्हाला एक छापील कागद दिला होता, संपूर्ण इंग्रजीत. त्यात 'डेंटल क्लिअरन्स', म्हणजे आधी दात तपासून घ्या, अशी एक ओळ होती. थोरलीनं वाचली होती, पण आम्हाला वाटलं ते तोंडाच्या कॅन्सरवाल्यांसाठी असेल. कुणी एकदा मराठीत तोंडानं सांगितलं असतं तर बारा दिवस वाचले असते. जिथं रोज चंदगड, आजरा, कागलहून बायका येतात तिथं कागद मराठीत असायला काय हरकत आहे, हे मी काउंटरवर बोलूनही दाखवलं. काउंटरवरच्या मुलीनं मान हलवली. कागद अजून इंग्रजीतच आहे.

दाढ काढली. टाके, गोळ्या, चार दिवस पेज आणि मऊ भात. आणि बारा दिवस रिकामे मिळाले. आता वाटतं बरं झालं, कारण त्या मंगळवारी मी नुसती घाबरलेली होते, तयार अजिबात नव्हते.

पहिलं काम कागदांचं. महात्मा फुले योजनेतून उपचार होणार होते. रेशनकार्डावर माझं नाव आणि आधारवरचं नाव यात एका अक्षराचा फरक. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्रानं तो पहिल्याच दिवशी पकडला म्हणून निभावलं, नाहीतर ऐन दिवशी मंजुरी अडकली असती. ह्यांनी तहसीलला तीन खेपा घातल्या. यावर जास्त लिहीत नाही. ज्यांनी खेपा घातल्यात त्यांना माहीत आहे.

मग हृदयाचा टू-डी इको. मला वाटलं, गाठ छातीत होती म्हणून करतायत. तसं नव्हतं. पहिल्या चार केमोत जे लाल औषध असतं, डॉक्सोरुबिसिन, ते हृदयाच्या स्नायूला त्रास देऊ शकतं. म्हणून आधी हृदय किती जोरात रक्त ढकलतंय ते बघतात आणि आयुष्यभरात ते औषध एकूण किती दिलं याचा हिशेब ठेवतात. दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, चार वेळा, म्हणजे २४०. त्याच्या बऱ्याच वर मर्यादा असते. माझं हृदय ६० टक्के आलं. मी घाबरले, परीक्षेत ६० म्हणजे काठावरचा फर्स्ट क्लास. इको करणारे म्हणाले, "ताई, इथं ६० म्हणजे उत्तम. शंभर कुणालाच मिळत नाहीत."

जाऊबाई गुळवेलीचा काढा घेऊन आल्या. त्यांच्या माहेरच्या कुंपणावरची, ताजी. त्यांची माया मला कळते, पण डॉक्टरांनी काढे, गव्हांकुराचा रस, भस्मं सगळं बंद सांगितलं होतं. केमोची औषधं लिव्हरमधून जातात आणि लिव्हरवर आणखी कशाचाच भार नको. गुळवेलीनं लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवलेतही. हे सगळं जाऊबाईंना सांगायचं धाडस मला झालं नाही. "डॉक्टरांनी लिहून दिलंय, काहीही नको" एवढंच म्हटलं. लिहून दिलंय म्हटलं की माणसं गप्प बसतात. काढा जास्वंदीला गेला.

पोर्ट बसवला केमोच्या दोन दिवस आधी. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या त्या हातात सुई नाही, बीपीचा पट्टासुद्धा नाही, कारण हाताला सूज येऊ शकते. राहिला डावा हात, आणि त्याच्या शिरा ऑपरेशनच्या वेळीच दमलेल्या. हे लाल औषध शिरेबाहेर सांडलं तर आतलं मांस जाळतं. म्हणून डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, एक चपटी डबी बसवतात आणि तिची बारीक नळी मोठ्या शिरेत सोडतात. बोट फिरवलं तर मोठं टिचबटण लागावं तसं लागतं. भूल तेवढ्याच जागेची. डॉक्टर टाका घालत होते आणि मी विचारत होते, "हा कुठला टाका, आत आत जाणारा?" त्यांनी दाखवला. दिसायला कच्च्या टीपेसारखा, पण फार बारीक.

उजव्या हाताची मात्र खरी पंचाईत होती. माझा कात्रीचा हात तो. सुई टोचू द्यायची नाही म्हटल्यावर शिवायचं कसं? २८ वर्षांत मी कधी अंगुस्तान घातलं नव्हतं, बोटाला कळत नाही म्हणून. आता घातलं. पहिले दोन दिवस सगळे टाके वाकडे.

त्या बारा दिवसांत स्वतःसाठी दोन वस्तू शिवल्या. एक, पुढून उघडणारा सुती कुर्ता. डाव्या खांद्यापासून खाली सहा इंच वेगळी पट्टी, तीन टिचबटणांची. बटणं उघडली की फक्त पोर्ट दिसतो, बाकी अंग झाकलेलं. हॉस्पिटलात बायका साडीचा पदर नाहीतर गाऊनचा गळा ओढून ओढून बसतात ते मी पाहिलं होतं. दुसरं, टोप्या. केस तिसऱ्या आठवड्यात जातील असं सांगितलं होतं. बाजारातल्या टोप्यांची शिवण आतून असते, ती उघड्या डोक्याला रुतणार. मी मलमलच्या चार शिवल्या, शिवण बाहेरून. धाकटा म्हणाला, "आई, टोपी उलटी घातलीयस." म्हटलं, "सुलटीच हाय, तुला कळंना." केस मी आधीच खांद्यापर्यंत कापून घेतले. लांब केस उशीवर गळलेले बघण्यापेक्षा आखूड बरे, हा सल्ला शेजारच्या गल्लीतल्या एका बाईंनी दिला. त्यांच्या सगळ्या सल्ल्यांत हाच काय तो कामाचा निघाला.

आदल्या दिवशी रक्त दिलं, कारण ताजा रिपोर्ट बघितल्याशिवाय औषध तयारच करत नाहीत. रात्री नणंदेकडं कोल्हापुरातच राहिलो. सकाळी मी काही खाल्लं नाही. ऑपरेशनच्या वेळी उपाशी बोलावलं होतं, शिवाय उलटीची भीती. डे-केअरमधली सिस्टर ऐकूनच वैतागली. "रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते, आधी खाऊन या." वर विचारलं, "तुम्हाला सगळ्यात काय आवडतं?" मी म्हटलं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. "मग ते सोडून काहीही खा. आज जे खाल आणि नंतर मळमळेल, ते पुढं वर्षभर नकोसं होतं." हे मला कुठल्याच कागदावर लिहिलेलं सापडलं नाही, इंग्रजीतही नाही. कँटीनच्या दोन इडल्या खाल्ल्या. आजही इडली समोर आली की मी तोंड फिरवते. भाकरी-चटणी शाबूत आहे.

पोर्टवर बधिर करायचं मलम नणंदेच्या घरीच तासभर आधी लावून, वर प्लास्टिक चिकटवून नेलं होतं. पण मंजुरी, रिपोर्ट, औषध कालवणं यात एक वाजला आणि मलमाचा असर केव्हाच उतरला. सिस्टरनं पुन्हा लावलं. काटकोनात वाकलेली सुई टिचबटणाच्या मधोमध गेली तेव्हा नुसतं दाबल्यासारखं झालं. आधी मळमळीची आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं. मग दोन सिस्टर आल्या. एकीनं माझं नाव आणि नंबर विचारला, दुसरीनं सिरिंजवरचं मोठ्यानं वाचलं, डॉक्सोरुबिसिन ९८ मिलिग्रॅम. ६० गुणिले १.६३ मी तोपर्यंत तोंडी केलेलं होतं. बरोबर होतं.

ते औषध दिसतं कोकमाच्या सरबतासारखं. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये जवळजवळ काठोकाठ. ते सलाइनच्या पिशवीत टाकून सोडून देत नाहीत. सिस्टर प्लास्टिकचा गाऊन आणि हातमोजे घालून शेजारी स्टुलावर बसली आणि हातानं, अगदी सावकाश, ढकलत राहिली. सलाइन बाजूनं चालूच. मध्येच दट्ट्या मागं ओढून नळीत रक्त येतंय का बघायची, म्हणजे सुई जागेवर आहे याची खात्री. "जळजळलं तर लगेच सांगा, सहन करू नका." पंधरा मिनिटं तिनं नजर हलवली नाही. मी तिच्या अंगठ्याकडं बघत होते. रेशमावर फॉल लावताना माझा अंगठा असाच चालतो.

तिनं विचारलं, "घाबरलाय का?" मी म्हटलं, "न्हाई, आता बसलो की." ती पुण्याकडची होती, हसली. आमच्याकडं बायकाही आलो-गेलो म्हणतात हे तिला नवीन असावं.

नंतर दुसरं औषध, सायक्लोफॉस्फामाइड, तासभर थेंबाथेंबानं. त्यात नाकाच्या शेंड्याला मिरचीची फोडणी बसल्यासारखं झिणझिणलं. वेग कमी केला तसं थांबलं. या औषधानं मूत्राशयाची आतली बाजू सोलवटू शकते म्हणून पाणी पीत राहायचं, लघवी दाबून ठेवायची नाही. लघवी लाल होईल हे सांगितलेलं होतं, तरी संडासात बघून काळजात धस्स झालंच. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग. दोन दिवस बादलीभर पाणी दोनदा ओतायचं आणि उलटीचे कपडे वेगळे धुवायचे, हेही तिथंच सांगितलं. शेवटी जे सांगितलं ते मी फ्रिजवर लिहून चिकटवलंय, ताप १००.४ झाला तर क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, रात्र असो वा दिवस, हॉस्पिटल गाठायचं.

पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दुसऱ्या दिवशी, २४ तास उलटल्यावर घ्यायचं होतं, ते सोबत दिलं. थंड राहिलं पाहिजे, पण गोठता कामा नये. ह्यांनी चहाच्या थर्मासमध्ये बर्फ घातला, वर माझ्या कापडांतलं एक जाड कात्रण, त्यावर इंजेक्शनचं खोकं. एसटीत गडहिंग्लजपर्यंत थर्मास मांडीवर. शेजारच्या प्रवाशानं चहा मागितला.

मळमळ झाली, उलटी नाही. पण झोप म्हणून नाही, स्टेरॉइडमुळं. पंख्याकडं बघून बघून कंटाळले आणि तीनच्या सुमारास पुढच्या खोलीत येऊन दिवा लावला. एका गिऱ्हाइकाचा ब्लाउज गुरुवारी द्यायचा होता, हुक तेवढे राहिले होते. अंगुस्तान शोधलं.

आवाजानं हे उठून आले, दारात उभे राहिले. "झोपली न्हाईस? काय कराल्यास?"

"हुक लावतोय," मी म्हटलं.

ते आत गेले आणि पाण्याचा तांब्या आणून मशीनवर ठेवला.