सोन्याची आकडी आणि तात्यांची फवारणी

आमच्या कुत्र्याला, सोन्याला, पहिली आकडी आली ती द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीनंतरच्या दिवसांत, पहाटे साडेतीनला. पडवीत कुणी पत्रा बडवतंय असं वाटून उठले, तर सोन्या कुशीवर आडवा. आधी अंग लाकडासारखं ताठ, मग चारी पाय सायकल मारल्यासारखे चाललेले. तोंडाला फेस, खालचं पोतं लघवीनं ओलं. आत्ती कांदा फोडून नाकाशी धरायला धावल्या. जीभ घशात जाईल म्हणून ह्यांनी तोंडात हात घातला, आणि चांगलाच चावा बसला. कुत्रं जीभ गिळत नाही, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. ह्यांची मात्र रेबीजची इंजेक्शनं सुरू झाली.

हा सगळा प्रकार दोनेक मिनिटांचा असेल. नंतर अर्धा तास सोन्या भिंतीला धडकत फिरला, मला ओळखेना. मग एकदम भानावर आला आणि रात्रीची भाकरी मागायला लागला.

आदल्या दिवशी शेजारच्या तात्यांनी बागेत औषध मारलं होतं. तासगावकडच्या, द्राक्षबागांच्या मुलखातल्या माणसाला दुसरं काय सुचणार? उजाडताच बांधावर गेले आणि नको ते बोलले. तात्या म्हणाले, "अगं, कालचं डाऊनीचं, म्हंजे बुरशीचं होतं, किड्याचं न्हवं." मी कशाची ऐकतेय!

सांगलीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, रेबीजची लस कधी दिली? कार्ड दाखवलं तेव्हा पुढे सरकले. मग चौकशी सुरू झाली. आकडीच्या आधी लाळ गळत होती का, उलटी-जुलाब झाले का, अंगाचं मांस थरथरत होतं का? बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झाली होती का? यातलं काहीच नव्हतं. कीटकनाशक पोटात गेलं की बहुतेक वेळा यातलं काहीतरी दिसतं, आणि तसं कुत्रं तासाभरात भाकरी मागत नाही, असं ते म्हणाले. गाढ झोपेत आलेली, लवकर थांबलेली आणि नंतर सगळं पूर्ववत, ही लक्षणं वेगळ्याच दिशेला जातात.

तरी त्यांनी रक्त घेतलं. आकडी हे लक्षण आहे, आजार कुठेही असू शकतो, हे मला तिथं बसून कळलं. साखर फार उतरली तर आकडी येते. लिव्हर बिघडलं तर रक्तातलं विष साफ होत नाही, ते मेंदूला बाधतं. व्यालेल्या कुत्रीचं कॅल्शियम दुधावाटे उतरलं की तिलाही येते. हे ऐकून मला नवल वाटलं. आमची म्हैस व्याल्यावर कॅल्शियम उतरून लुळी पडली होती, शिरेतून बाटली लावल्यावर उठली. त्याच कमतरतेनं म्हैस लुळी पडते आणि कुत्री ताठ होते!

खाण्याचं विचारलं तेव्हा मी सहज म्हटलं, शेडवर बेदाणा पडलेला असतो, तो वेचतो. डॉक्टरांचा पेनच थांबला. द्राक्षं आणि बेदाण्यानं कुत्र्याची किडनी बंद पडू शकते. आम्ही इतकी वर्षं कौतुकानं टाकत होतो. किडनीचा रिपोर्ट चांगला आला, पण त्या दिवसापासून शेडला जाळी आहे.

रक्तात काहीच निघालं नाही. महिन्याभरात दुसरी आकडी आली, तिचा मी मोबाईलवर व्हिडिओ काढला. तो बघून डॉक्टर म्हणाले, अपस्मार, म्हणजे फेफरं. वय सहा महिने ते सहा वर्षांच्या आत (सोन्या साडेतीनचा), दोन आकड्यांच्या मधे चालणं-बघणं ठीक, रक्त-लघवी ठीक, मग बहुतेक हाच. सोन्या लॅब्रॅडॉर, आणि त्या जातीत तो आई-बापाकडून उतरतो. म्हातारपणी पहिली आकडी आली असती तर मेंदूतली गाठ शोधायला एमआरआय करायला लावला असता.

मला हे पटायला वेळ लागला. माझ्या लहानपणी माहेरी वाघ्या होता, गावठी. आधी नाक-डोळे वाहिले, मग जबडा उगाच चघळल्यासारखा हलायला लागला, आणि आठवड्यात गेला. तो डिस्टेंपर होता, कुत्र्यांचा विषाणूचा रोग. लस टोचली असती तर वाचला असता. तिथं निदान स्वतःला दोष देता येत होता. इथं कुणाला बोल लावायचा?

आत्तींचं म्हणणं होतं, अमावस्या-पौर्णिमेला येते. म्हणून मी कालनिर्णयवरच लाल गोल करायला लागले, तिथी शेजारीच छापलेली असते ना! सहा गोल झाले. एक नेमका अमावस्येला पडला, आणि तेवढाच आत्तींच्या लक्षात आहे.

आता सकाळी आठ, रात्री आठ, आकडीवरची फेनोबार्बिटोनची गोळी. चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि "कुत्र्याला?" असं केमिस्ट दर वेळी विचारतो. पहिले दोन आठवडे मागचे पाय लटपटत होते. भूक तर अशी की एकदा परातीतला मळलेला गोळाच पळवला. तीन आठवड्यांनी रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासलं, लिव्हर अधूनमधून तपासतो. पुतणीच्या लग्नात गोळ्या घरी विसरून दोन वेळा चुकल्या, तेव्हा चोवीस तासांत दोन आकड्या आल्या. हे औषध अचानक तोडायचं नसतं, आणि हे मला आधी बजावलेलं होतं. तो दोष पूर्ण माझा.

आता आकडी आली तर कांदा नाही, चप्पल नाही. घड्याळ बघायचं, डोक्याखाली उशी सरकवायची, पंखा लावायचा, हात लांब ठेवायचे. पाच मिनिटं उलटली किंवा भानावर यायच्या आत दुसरी आली तर थेट गाडीत. अजून तशी वेळ आलेली नाही. शेवटचा लाल गोल चार महिन्यांपूर्वीचा आहे.

तात्यांची माफी मी अजून शब्दांत मागितलेली नाही. त्या दिवाळीला फराळाचं ताट मात्र दरवर्षीपेक्षा मोठं गेलं. डबा परत द्यायला आले तेव्हा म्हणाले, "कुत्रं बरं हाय न्हवं?" आणि खिशातले चार बेदाणे सोन्यापुढं टाकले. मी ओरडलेच.