जुन्या काँक्रीटची खडी, फ्लाय ॲश आणि माझे ५६ दिवस

एमईच्या (इंजिनिअरिंगच्या मास्टर्सच्या) प्रोजेक्टला मी रिसायकल्ड खडी, म्हणजे जुनं काँक्रीट फोडून काढलेली खडी घेतली. लॅबच्या मागे फुटलेल्या क्युबचा (ताकद तपासायला ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा) ढीग पडलेला असतो ना, तोच घणाने फोडला आणि चाळून २० एमएमची खडी काढली, दोन दिवसात हाताला फोड आले.

पहिला ट्रायल साफ फसला. एम २५ चं (२८ दिवसांना २५ एमपीए ताकद धरलेलं) मिक्स, निम्मी खडी जुनी, पाणी कागदावर काढलं तेवढंच. मिक्सरमधून काढताना स्लम्प (मालाचा ओलेपणा-सैलपणा) बरा होता पण मोल्ड (साचे) भरेपर्यंत माल कोरडा पडला. कारण साधं आहे, जुन्या खडीला जुना मॉर्टर (सिमेंट-वाळूचा थर) चिकटलेला असतो आणि तो पाणी पितो. आपली काळी बेसाल्टची खडी कशीबशी एक-दीड टक्का पाणी घेते, माझी पाचच्या वर गेली. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय कोडमध्ये अशी खडी आधी भिजवून घ्यायला सांगितलंय ते मी वाचलं होतं पण मनावर घेतलं नव्हतं. बादलीत टाकली तर बराच वेळ बारीक बुडबुडे येत राहिले, तेव्हा पटलं. मग रात्रभर भिजवून, सकाळी गोणपाटावर पसरून, वरचं पाणी पुसून वापरायला लागलो.

दुसरा बदल मिक्सिंगचा. खडी-वाळूवर आधी अर्धंच पाणी, मग सिमेंट, मग उरलेलं पाणी. यात खडीभोवती सिमेंटचा घट्ट थर बसतो आणि जुन्या मॉर्टरच्या भेगा भरतात. वेळ दोन-तीन मिनिटंच जास्त लागतो, पण माझ्या मते सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच.

मग २५ टक्के सिमेंट काढून फ्लाय ॲश (कोळसा जळून उरणारी बारीक राख) घातली, आम्ही नाशिकचे त्यामुळे एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची राख सहज मिळाली. सात दिवसांचे क्युब फोडले आणि माझा चेहराच पडला, नुसत्या सिमेंटवाल्यापेक्षा बरेच मागे. गाइड सर म्हणाले, "अरे, राखेला वेळ दे, सिमेंटमधून चुना सुटल्याशिवाय ती कामाला लागत नाही." खरंच आहे, सिमेंट मुरताना जो कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतो त्याच्याशी राखेतली सिलिका हळूहळू जुळते आणि नवीन जेल (कण चिकटवून धरणारा पदार्थ) तयार होतं, नेमकं जुन्या मॉर्टरच्या सांध्यात, जिथे हे काँक्रीट कच्चं असतं. सुरुवातीची ताकद यावी म्हणून पुढच्या बॅचला थोडी सिलिका फ्यूम (सिलिकाची अतिबारीक पूड) घातली, ती इतकी बारीक की पाणी मागते, सुपरप्लास्टिसायझरशिवाय (पाणी न वाढवता माल सैल करणाऱ्या रसायनाशिवाय) माल हलेना.

२८ दिवसांना टार्गेट ३१.६ एमपीए होतं (एम २५ च्या २५ वर सुरक्षेची भर धरून), थोडक्यात हुकलं. ५६ व्या दिवशी मात्र तिन्ही क्युब त्याच्या वर गेले. फुटलेला तुकडा हातात घेऊन बघितला, पहिल्या ट्रायलमध्ये चीर खडीच्या कडेकडेने गेली होती, इथे काही ठिकाणी ती काळ्या दगडातून आरपार गेलेली. तेवढं बघून डोळ्यात पाणी आलं माझ्या.

एक मात्र सांगतो, निम्मी खडी हा अभ्यास होता. आरसीसीला (सळई घातलेल्या काँक्रीटला) एम २५ पर्यंत तोच कोड २० टक्केच जुनी खडी देतो, साइटवर त्याच्या पुढे जाऊ नका आणि क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) सात दिवसात आटपू नका, राख असेल तर मुळीच नाही.

९० दिवसांचे तीन क्युब अजून टाकीत आहेत, पुढच्या सोमवारी काढायचेत.