बुंध्यापासून 8.4 मीटर

नव्या साइटवर पहिल्या दिवशी मी टेप आणि चुना घेऊन जाते, नकाशा गाडीतच राहतो. या प्लॉटवर सात झाडं होती. सगळ्यात मोठ्या चिंचेचा घेर दीड मीटर उंचीवर 220 सेंटीमीटर भरला, म्हणजे व्यास 70. त्याची बारा पट 8.4 मीटर. मुळांसाठी राखायच्या जागेची त्रिज्या ब्रिटिश मानक बीएस 5837 मध्ये अशीच काढतात. तेवढं वर्तुळ चुन्याने आखलं आणि लक्षात आलं, पार्किंगचा रॅम्प नेमका त्याच्यातूनच जातोय.

"मॅडम, झाड ठेवतोय की आपण!" मालक म्हणाले. नकाशात ते होतंही. एक हिरवा ठिपका आणि त्याभोवती मीटरभराचा चौकोनी कट्टा.

हे ऐकलं की माझ्या पोटात कालवतं. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत असाच एक कट्टा मी स्वतः काढला होता, एका जुन्या आंब्याभोवती. पाणी तुंबू नये म्हणून आवाराची लेव्हल दीड फुटाने उचलली. झाडाला कुणी कुऱ्हाडही लावली नाही. दुसऱ्या वर्षी शेंड्याची पानं बारीक झाली, तिसऱ्या वर्षी टोकाच्या फांद्या वाळल्या आणि पाचव्या वर्षी ते कापावं लागलं. तोवर आम्ही पैसे घेऊन केव्हाच मोकळे झालो होतो. झाड असंच सावकाश मरतं, म्हणून दोष कुणाकडेच येत नाही. तो माझा होता. पाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूटभर मातीत असतात आणि फांद्यांच्या सावलीच्याही पुढे पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. मी ती भरावाखाली कोंडली.

म्हणून यावेळी अडून बसले. रॅम्प दुसऱ्या बाजूला नेला. त्यासाठी तिकडची दोन झाडं जाणार होती. त्यातल्या एकाचा बुंधा तळाशी पोकळ होता, दुसरं मात्र चांगलं तरुण होतं. त्याचं वाईट वाटलं, पण सातही वाचवायचा हट्ट धरला असता तर चिंच नक्की गेली असती. "उपटून दुसरीकडे लावू" हा पर्याय निघालाच. एवढं मोठं झाड हलवताना बरीचशी मुळं मागेच राहतात, त्यामुळे मी त्याला वाचवणं म्हणत नाही.

चिंचेजवळची जमीन आहे त्या उंचीवर सोडली, उतार वर्तुळाबाहेर जिरवला. कंपाउंडची भिंत मात्र वर्तुळातून जाणं टळेना. सलग चर खणला असता तर त्या बाजूची सगळी मुळं तुटली असती. स्ट्रक्चरल इंजिनिअरने सुटे खड्डे घेऊन जमिनीच्या वरून बीम टाकायचं मान्य केलं.

ते खड्डे हाताने खणायचे, ही माझी अट. तिसऱ्या खड्ड्यात वीतभर खाली पहार अडकली. गवंडीदादांनी करवत मागितली. मी खाली बसून हाताने माती सारली. मनगटाएवढं मूळ, तपकिरी साल, पहारीचा टोला बसला तिथे आत ओलसर पांढरं. दादा थोडा वेळ बघत राहिले, म्हणाले, "जिवंत आहे की हे." मग त्यांनीच सूत पुन्हा लावून खड्डा दीड फूट सरकवला. काँक्रीट होईपर्यंत त्या मुळावर ओलं गोणपाट होतं.

या सगळ्याआधी केलेलं काम म्हणजे कुंपण. पहिला ट्रक आत येण्यापूर्वी वर्तुळाभोवती पक्के पत्रे ठोकले. ओल्या मातीवरून जड गाडीच्या पहिल्या काही फेऱ्यांतच बहुतेक दाब बसतो, मग पत्रे लावून फारसं हाती लागत नाही. खडीचे ढीग आणि मिक्सर धुतलेलं पाणीही बाहेरच.

काम अजून वर्षभर चालेल. परवा गेले तर पत्र्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं, "आत वाळू टाकू नये". मी तरी लिहिलं नव्हतं.