पिंपळगावच्या वाटेवर, उणे वीस अंशांत

आग्रा रोडने नाशिकबाहेर पडलं की ओझर, मग पिंपळगाव बसवंत. द्राक्षबागांच्या मधूनमधून कोल्ड स्टोरेजची पांढरी शेडं. द्राक्षाची खोली शून्याच्या आसपास असते. आम्ही शिरलो ती फळांच्या गराची, उणे वीसची. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत नाकातले केस ताठ!

छताला स्प्रिंकलरची, म्हणजे आग लागली की पाणी फवारणाऱ्या पाइपांची लाइन आहे, पण आत थेंबभर पाणी नाही. पारा ४ अंशांखाली जाणार तिथे भरलेली लाइन चालत नाही. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि फिटिंग फोडतं. म्हणून पाइपात दाबाची हवा, पाणी बाहेरच्या उबदार खोलीत ड्राय व्हॉल्व्हमागे अडवलेलं; हा व्हॉल्व्ह त्या हवेच्या दाबानेच बंद राहतो. आगीने हेडमधली, म्हणजे स्प्रिंकलरच्या तोंडातली, काचेची लाल कुपी ६८ अंशांना फुटते, हवा निसटते, दाब उतरतो, व्हॉल्व्ह उघडतो.

खरी गोम हवेत आहे. कॉम्प्रेसर ओली हवा ढकलतो, तिच्यातली वाफ भिंतीजवळ, पाइप थंडीत शिरतो तिथेच, बर्फ होऊन साचते. बुची बसते. गेज मात्र दाब बरोबर दाखवतो, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. इथला कॉम्प्रेसर उघड्या पडवीत होता. जून लागला की काय होईल ते सांगायला नको. हवा त्याच गार खोलीतून घ्यावी, नाहीतर ड्रायर लावावा; नायट्रोजन त्याहून बरा. भिंतीजवळचा तुकडा वर्षातून एकदा उघडून आत बॅटरी मारावी. पाइपाला मीटरला ४ मिलिमीटर उतार हवाच, नाहीतर चाचणीचं पाणी आत राहतं.

फोर्कलिफ्टने हेड तोडलं तर पाणी आत येऊन गोठतं, मग अख्खी लाइन उतरवा. त्यासाठी पाणी सोडायला दुहेरी अट घालतात: आगीचा डिटेक्टरही वाजला पाहिजे, हेडही फुटलं पाहिजे.

अंटार्क्टिकावरच्या आपल्या ‘भारती’ संशोधन तळासारख्या ठिकाणी तर बंब यायचाच नाही. अंटार्क्टिकातच २०१२ साली ब्राझीलच्या कोमांदांते फेराझ तळावर आग लागली, दोघे गेले. अशा ठिकाणी जनरेटरच्या खोलीला आग विझवायला कार्बन डायऑक्साइड लावला, तरी सिलिंडर उबेतच ठेवावे लागतात. २० अंशांना आत सुमारे ५७ बार दाब असतो, उणे ४० ला जेमतेम १०. आणि गॅस सुटण्याआधी भोंगा वाजून माणसं बाहेर पडलीच पाहिजेत, कारण तो आगीआधी माणसाचा श्वास कोंडतो.