वीज किती, हा प्रश्नच चुकीचा

कल्पाक्कमला अणुभट्टीवर नोकरी केली म्हटलं की सासर-माहेरचे सगळे एकच विचारतात, ‘वीज किती बनवायचात?’ आमची एफबीटीआर, म्हणजे वेगवान न्यूट्रॉनांवर चालणारी चाचणी-भट्टी, १९८५ साली क्रिटिकल झाली, म्हणजे तिची साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर चालू लागली, आणि ४० मेगावॅटची तिची पूर्ण औष्णिक क्षमता गाठायला २०२२ उजाडलं. विजेच्या हिशेबात हसूच येईल. आम्हा धातूवाल्यांना मात्र तिथून वीज नको होती, खराब झालेलं पोलाद हवं होतं.

या भट्टीत न्यूट्रॉनांना आवरायला पाणी नसतं. उष्णता वाहून न्यायला पातळ सोडियम. गाभ्यात दर चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला एकावर पंधरा शून्यं, या घरात न्यूट्रॉन येतात. पोलादातले अणू जागचे उडतात. बरेचसे पुन्हा बसतात, पण काही रिकाम्या जागा उरतात, एकत्र येतात आणि आत सूक्ष्म पोकळ्या धरतात. वजन तेवढंच, आकार मात्र वाढलेला! ब्रिटनमधल्या डाउनरेच्या भट्टीतल्या नमुन्यांत १९६७ साली हे दिसलं, तेव्हा भले भले चक्रावले होते.

आमचं काम त्यापुढचं. इंधनाच्या ६१ पिना, म्हणजे बारीक कांड्या, पोटात घेतलेली षटकोनी पोलादी नळी, रुंदीला जेमतेम ५० मिलिमीटर. ती वापरून झाली की हॉट सेलमध्ये, म्हणजे किरणोत्सारी वस्तू हाताळायच्या बंदिस्त खोलीत, यायची. आत आर्गॉन, कारण कार्बाइड इंधनाला हवा सोसत नाही. जाड शिशाच्या काचेतून बघत मॅनिप्युलेटरने, म्हणजे बाहेरून चालवायच्या यांत्रिक हातांनी, नळी फिरवायची, फुगली किती, वाकली किती, मोजत बसायचं. मान अशी अवघडायची की बोलायची सोय नाही. पण नळी जास्त फुगली तर शेजारणींना चिकटून बाहेरच निघायची नाही, म्हणून त्या आकड्यांना मोल. ट्रॉम्बेला बनलेल्या या इंधनाची मर्यादा सुरुवातीला टनामागे २५ हजार मेगावॅट-दिवस धरली होती, म्हणजे एक टन इंधनातून एवढीच उष्णता काढायची. दर टप्प्याला पिना कापून, तपासून ती वाढवत १६५ हजारांवर नेली. कागदावरच्या गणिताने एवढी हिंमत कुणी केली नसती.

याच भट्टीत इट्रियाच्या (इट्रियम ऑक्साइडच्या) गोळ्या ठेवून स्ट्रॉन्शियम-८९ हे किरणोत्सारी औषधद्रव्य काढलं, कर्करोग हाडांत पसरल्यावरच्या वेदनांसाठी. ते ऐकून आत्याबाई जरा नरमल्या.

शेजारच्या पीएफबीआरसाठी, म्हणजे याच जातीच्या, पण ५०० मेगावॅट विजेच्या मोठ्या भट्टीसाठी ठरलेलं ऑक्साइड इंधनही आधी इथेच टनामागे ११२ हजार मेगावॅट-दिवसांपर्यंत भाजून पाहिलं. एवढ्या मोठ्या भट्टीत न तपासलेलं इंधन घालायला मी तरी सही केली नसती.